अकरावा टाका

सातव्या नंबरची रिंग वाजत होती, तेव्हा सिद्धीने फोन खांद्याने कानाशी दाबून धरला आणि पोटाशी बांधलेल्या झोळीतल्या आर्याच्या कपाळाला हाताची पालथी बाजू लावली. गार होतं. निदान तसं वाटलं. सकाळपासून इतक्या वेळा हात लावून झाला होता, की आता हातालाच काही कळेनासं झालं होतं.

पलीकडून हॅलो आलं.

"शंभूराजची आई बोलताय ना? मी सिद्धी, संग्रहालयातून. रविवारी आपल्या हॉलमध्ये जी बाळं होती, त्यांतल्या एकाला गोवर निघालाय. घाबरू नका, पण आधी ऐकून घ्या. बाळ सहा महिन्यांच्या वर असेल तर आज संध्याकाळच्या आत लस देता येते. त्याहून लहान असेल तर वेगळं इंजेक्शन असतं, त्याला रविवारपासून सहा दिवस आहेत. आजच डॉक्टरांकडे जा."

पहिल्या फोनला तिला हे धड बोलता आलं नव्हतं. तिसऱ्यानंतर तिने वाक्यं एका जुन्या पत्रकाच्या पाठीवर लिहून काढली. 'घाबरू नका' तिने मागाहून घातलं होतं, कारण दुसऱ्या फोनवरची बाई एकदम रडायला लागली होती आणि मागे तिचं बाळ आईचं ऐकून रडायला लागलं होतं.

शंभूराजची आई रडली नाही. कोणाचं बाळ, एवढंच तिने विचारलं. सिद्धीने ते सांगता येणार नाही म्हटल्यावर ती म्हणाली, की आम्ही काही आपण होऊन आलो नव्हतो, तुम्ही बोलावलंत म्हणून आलो. आणि फोन ठेवला.

सिद्धीने यादीत सातव्या नावापुढे खूण केली. बुधवार होता, दुपारचे साडेबारा.

चिक्कपेटेच्या मागच्या गल्लीत, समाजाच्या मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर हे दोन खोल्यांचं संग्रहालय होतं. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे कन्नड मुलखात येऊन राहिलेल्या मराठी घरांनी आपापल्या माळ्यांवरून उतरवलेल्या वस्तू तिथे काचेत ठेवल्या होत्या. पगड्या, मापं, दोन तलवारी, मोडीतली पत्रं. ऑगस्टमध्ये एखादी शाळा यायची, एरवी वर येणारी माणसं म्हणजे खालच्या लग्नात बाथरूम शोधणारी. माणसं आणायची म्हणूनच सिद्धीला आठवड्यातून तीन दिवस ठेवलं होतं. ती नागपूरची. नवऱ्याच्या, शंतनुच्या नोकरीपायी मारतहळ्ळीला आलेली, आणि आर्या झाल्यापासून फ्लॅटच्या चार भिंती पाठ झालेली. आपल्यासारख्या कितीतरी जणी असतील, हे तिला कोणी सांगावं लागलं नाही. बाळ सहा महिन्यांचं होत आलेलं, उष्टावण करायचं, आणि आजी पुण्यात नाहीतर नागपुरात, व्हिडिओ कॉलवर.

काचेत एक कुंची होती. पाठीवर लांब झूल सोडलेली, जांभळ्या खणाची, रत्नाबाईंच्या घरची. त्या घरात बाळाच्या उष्टावणाला ती कुंची डोक्यावर घालत, आणि बाळाच्या अंगावर असतानाच झुलीच्या काठाला आत्या एक टाका घाली. एका बाळाचा एक टाका. कित्येक पिढ्यांचे टाके तिथे ओळीने होते, धुऊन धुऊन चहाच्या रंगाचे झालेले.

सिद्धीने भीत भीत रत्नाबाईंना विचारलं होतं, की ही एक दिवस काचेबाहेर काढली तर? त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईंनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाल्या, काढ, डोक्यावर घालायचीच वस्तू ती. नव्या लोकांना इथे आत्या कुठून आणायच्या, हा प्रश्न त्यांनीच सोडवला. आधीच्या बाळाची आई पुढच्या बाळाची आत्या होईल. प्रत्येकीने घरून आपल्या आवडीचा दोरा आणायचा.

आणि रविवारी चपला जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंत गेल्या होत्या. दहा बाळं. इंदिरानगरहून, इलेक्ट्रॉनिक सिटीहून. नवरे तलवारींपाशी फोटो काढत होते, आणि एकमेकींची नावंही माहीत नसलेल्या बायका एकमेकींच्या बाळांना टाके घालता घालता नणंदा-भावजयांसारख्या चेष्टा करत होत्या. आत्याला साडी काय देणार ते आधी ठरवा, असं एकीने म्हटलं आणि सगळा हॉल हसला. पहिलं बाळ पुढे करायला कोणी धजेना, म्हणून सिद्धीने आर्यालाच बसवलं होतं. तिचा पिवळा टाका रत्नाबाईंनी घातला. आर्याच्या शेजारी दुसऱ्या नंबरला होता मल्हार.

मल्हारचे डोळे पाणावलेले होते. नाक वाहत होतं. त्याची आई ओशाळून म्हणाली होती, दात येताहेत. सिद्धीने आपल्याच रुमालाने त्याचं नाक पुसलं होतं, त्याच रुमालाने मग आर्याची लाळ. सकाळी मल्हारच्या आईचा फोन आल्यापासून तो रुमाल तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

सगळे फोन व्हायला दोन वाजले. मग ती काचेच्या पेटीपाशी गेली. आर्याचे डॉक्टर सकाळी फोनवर म्हणाले होते, गोवर कापडाने नाही पसरत, हवेने पसरतो, एका खोलीत असणं पुरेसं आहे. पण तीन जणींनी कुंचीचंच विचारलं होतं. एकीने तर सांगितलं होतं, जाळून टाका ती. तेव्हा निदान पिशवीत बांधून वेगळी ठेवावी, म्हणून सिद्धीने कुलूप काढलं, झूल टेबलावर पसरली आणि नवे टाके पाहत राहिली. पिवळा आर्याचा. निळा मल्हारचा. मग हिरवा, केशरी, एकीने जरीचाच दोरा आणला होता तो. शेवटी गुलाबी. ती बोटाने एकेक मोजत गेली. गुलाबी दहावा.

गुलाबीच्या पुढे आणखी एक होता. पांढरा. बारीक, नेटका, सवयीच्या हाताचा.

तिने परत मोजले. मग डावीकडून उजवीकडे मोजले. यादीत दहा नावं होती, आणि टाके अकरा.

झोळीत आर्याने उचकी दिली. म्हणजे अकरावं एक बाळ रविवारी या खोलीत होतं. त्याचं नाव नाही, नंबर नाही. त्याच्या आईला काही ठाऊक नाही. ती आत्ता कुठेतरी त्याला भात भरवत असेल.

पद्मनाभअण्णा, समाजाचे सेक्रेटरी, जिना चढून आले तेव्हा ती तशीच उभी होती. त्यांनी सकाळीच सांगून ठेवलं होतं, फोन करण्याची घाई नको. येत्या रविवारी ट्रस्टची मीटिंग होती. वरचा हॉल कार्यालयाच्या पंगतींना द्यावा असं निम्म्या ट्रस्टींचं म्हणणं होतं, आणि अण्णा एकटे वर्षभर त्यांना थोपवून धरत होते. परवाच्या त्या चपलांचा फोटो काढून त्यांनी सगळ्यांना पाठवला होता.

"केलास सगळ्यांना?" त्यांनी विचारलं.

"हो."

ते खुर्चीवर बसले. चष्मा काढून पुसला, परत लावला. रागावले नाहीत, त्याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले. "झालं ते झालं."

तिने त्यांना पांढरा टाका दाखवला. अकराव्या बाळाबद्दल त्यांना काहीच आठवेना. दुपारी एकनंतर ते खाली खुर्च्या मोजून देत होते. वॉचमन ज्योतिबा जेवायला गेला होता. आणि सिद्धी स्वतः? तेव्हा ती मागच्या खोलीत दार लावून आर्याला पाजत होती. वीस मिनिटं, फार तर पंचवीस. तेवढ्यात कोणी आलं असेल, कुंची घातली असेल, टाका घातला असेल आणि गेलं असेल.

"रत्नाअक्का होत्या ना पेटीपाशी, त्यांना विचारते," सिद्धी म्हणाली.

"त्यांना एवढ्यात नको," अण्णा म्हणाले. "वय झालंय त्यांचं. मी सांगतो स्वल्प बेताने."

सिद्धीला ते ऐकून हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली. कारण तिला रत्नाबाईंचीच सगळ्यांत जास्त भीती होती. त्यांनी कुंची विश्वासाने दिली होती. आता त्या येऊन ती घेऊन जातील, आणि एक शब्दही बोलणार नाहीत, हे तिला दिसत होतं.

संध्याकाळी तिने आर्याला डॉक्टरांकडे नेलं. आर्या साडेपाच महिन्यांची, म्हणून लस नाही, मांडीत इंजेक्शन. शंतनुने बाळाला धरलं, सिद्धीने भिंतीवरच्या हत्तीच्या चित्राकडे पाहिलं. डॉक्टरांनी सांगितलं, इंजेक्शन उशिरा नाही झालं, पण खात्री कशाचीच नसते. ताप, खोकला, लाल डोळे, कानामागे पुरळ. दोन आठवडे, जमलं तर चार, लक्ष ठेवा. तेव्हापासून सिद्धी दर तासाला आर्याचे कान दुमडून मागे पाहू लागली. आर्याला तो खेळ वाटला. आईचा हात कानाकडे आला की ती हसायची.

गुरुवारी तिने परत फोन लावले, आता वेगळा प्रश्न घेऊन: तुम्ही कोणाच्या बाळाला टाका घातलात, आणि तुमच्यानंतर सुई कोणाच्या हातात गेली? आत्यांची ती साखळी ती एकेका कडीने पुढे सरकवत होती. काहीजणींनी फोनच उचलला नाही. बायकांनी आपला वेगळा ग्रुप काढला होता, त्यात तिला घेतलं नव्हतं, पण तिथलं तिच्यापर्यंत येत होतं. म्युझियम बघायला गेलो आणि रोग घेऊन आलो. जुनी फडकी पोरांच्या डोक्यावर घालायची हौसच भारी. मल्हारच्या आईने तिथे आपण होऊन सांगून टाकलं होतं, की बाळ माझंच. त्यानंतर तिला जे काही लिहिलं गेलं, ते सिद्धीला कोणी धड वाचून दाखवेना.

तिने मल्हारच्या आईला फोन केला. मल्हारला दवाखान्यात ठेवलं होतं, छाती भरली होती.

"मला खरंच वाटलं दात येताहेत," ती म्हणाली. आवाज पार बसला होता. "चार महिने झाले, ताई, मी घराबाहेर पडले नव्हते हो."

सिद्धीने म्हटलं, मीही तशीच आले असते. हे खरं होतं. पण फोन ठेवल्यावर ती उठली आणि हात साबणाने कोपरापर्यंत धुतले, जणू रोग फोनमधून येणार होता.

संध्याकाळी इलेक्ट्रॉनिक सिटीची बाई सापडली, दहाव्या बाळाची, गुलाबी दोऱ्याची. तिला सगळं चांगलं आठवत होतं. तिच्या बाळाचा टाका झाला तेव्हा मागे कोणीच उरलं नव्हतं. सुई तिने आजींच्या हातात परत दिली. निघताना तिने वळून पाहिलं होतं, आजी कुंची मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"आणि बाळ? एखादं बाळ येताना दिसलं जिन्यात?"

"नाही बुवा. पण आमची कार लांब लावली होती, आम्ही घाईत होतो. कोणी आलंही असेल मागून."

त्या रात्री सिद्धीला झोप लागली नाही, हे शंतनुला सांगायची गरज पडली नाही. सकाळी त्याने चहा तिच्यापुढे ठेवला आणि म्हणाला, आज मी सुट्टी काढतो, तुला सोडतो, जा त्यांच्याकडे. आज शुक्रवार. पाचवा दिवस. अकरावं बाळ लहान असेल तर त्याच्याकडे आता उद्याचाच दिवस होता.

रत्नाबाई संग्रहालयापासून दोन गल्ल्या सोडून, भांड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायच्या. शंतनु खाली गाडीत थांबला. सिद्धी आर्याला झोळीत घेऊन अरुंद जिना चढली. पत्रक पर्समध्ये होतं. एका हाताने तिने भिंत धरली होती. दार उघडंच होतं. रत्नाबाई खिडकीशी लोखंडी खुर्चीवर बसल्या होत्या, आणि त्यांचा चेहरा पाहून सिद्धी उंबऱ्यातच थांबली. रविवारची ती ताठ बसलेली बाई ही नव्हती. डोळ्यांखाली काळं आलं होतं. केस विंचरलेले नव्हते.

"ये," त्या म्हणाल्या. "येशील हे ठाऊक होतं. पद्मनाभ बोलला परवाच."

सिद्धी समोर जमिनीवर बसली. कुंचीबद्दल, विश्वासाबद्दल, माफीबद्दल जे काही जिन्यात जुळवलं होतं, ते सगळं बाजूला पडलं.

"अक्का, तुम्ही मला काय हवं ते बोला, पण आधी एक सांगा. अकरावं बाळ कोणाचं होतं?"

रत्नाबाई आर्याकडे बघत होत्या. मग त्यांनी हात लांब केला, पण बाळाला लावला नाही. मध्येच थांबवला.

"हिला बरं आहे?"

"आजपर्यंत आहे."

"आणि त्याला, दुसऱ्याला?"

"दवाखान्यात आहे. काल जरा दूध प्याला म्हणाली त्याची आई. अक्का, उद्या सहावा दिवस. त्या बाळाला इंजेक्शन द्यायला उद्याच्या पुढे जाऊन उपयोग नाही. नाव आठवत नसेल तर नुसतं कसं दिसत होतं, आई कशी होती, काही सांगा. मी शोधते."

"शोधू नकोस," रत्नाबाई म्हणाल्या.

"पण त्याला—"

"माझं होतं ते."

खाली दुकानात कोणीतरी पातेल्यांची चळत हलवली. त्याचा आवाज जिरेपर्यंत रत्नाबाई थांबल्या. मग त्या बोलायला लागल्या, सिद्धीकडे न बघता, मध्येच कन्नडमध्ये जात आणि परत येत. एकोणीस वर्षांच्या होत्या. पहिला मुलगा. उष्टावणाला घर भरलं होतं, त्याला ही कुंची घातली, नणंदेने टाका घातला. शेजारच्या घरातलं एक पोर त्याच्याजवळच बसवलं होतं. त्याला दडार होती, गोवर म्हणतात तुम्ही. ते पोर तापलंय हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण पंगत मांडलेली, माणसं आलेली. शेजारणीला काय म्हणायचं, घेऊन जा? आणि नव्या सुनेला सांगून काय करायचं, उगाच घाबरेल.

"मला कोणी बोललं नाही," त्या म्हणाल्या. "मी त्या पोरालाही खिरीचं बोट चाटवलं. बाराव्या दिवशी माझा तापला."

सिद्धीचा हात झोळीवर घट्ट झाला होता. तिला विचारायचं नव्हतं आणि रत्नाबाईंनी सांगितलंही नाही. त्यांनी फक्त पुढचं सांगितलं. त्या घरात रीत होती, बाळ वर्षाचं झालं नाही तर त्याचा टाका ठेवायचा नाही. पुढच्या मुलाच्या डोक्यावर तो जायला नको. सासूबाईंनी सुईच्या टोकाने दोरा ओढून काढला. त्यांच्यासमोर. दोन क्षणांचं काम.

"रविवारी तू आत होतीस. सगळ्या गेल्या होत्या. सुई माझ्या हातात होती, दोऱ्याचं रीळ पिशवीत. मी म्हटलं, एवढ्या पोरांत एक. कोणाला कळणार?" त्यांनी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं. "आणि बुधवारी पद्मनाभ सांगत आला, त्यातल्या पोराला दडार आली. तेव्हापासून मी बसूनच आहे गं. मीच घातला ना तो टाका. त्यांनी काढून टाकलेला, तो मी परत घातला, दहा पोरांच्या शेजारी."

सिद्धीला कळायला जरा वेळ लागला. दोन दिवस तिला वाटत होतं, ही बाई आपल्यावर रागावून बसली असेल. आणि ही बाई इथे असं धरून बसली होती, की रोग आपल्याच सुईतून आला.

"अक्का," ती म्हणाली. "मल्हार सकाळीच आजारी होता. तो आला तेव्हाच त्याचं नाक वाहत होतं. मी पुसलं ना. डॉक्टर म्हणाले, त्याला दहा-बारा दिवस आधीच कुठेतरी लागण झालेली. तुम्ही टाका घातलात दुपारी दीडला."

"सकाळी?"

"अकरा वाजता. पिवळा टाका झाला, मग तो."

रत्नाबाईंनी ते मनात लावून पाहिलं. त्यांचे ओठ हलले, सकाळ आधी आणि दुपार नंतर, एवढं ताडून बघावं तसे. पूर्ण पटलं असं नाही दिसलं. पण हात पुढे आला, आणि या खेपेला आर्याच्या पावलावर टेकला. आर्याने पाय झाडला. त्यांनी हात काढला नाही.

"पद्मनाभ म्हणत होता, तू सगळ्यांना फोन लावलेस. तो नको म्हणत असताना."

"हो."

"बायका बोलल्या असतील तुला."

"बोलल्या."

"बोलू दे." त्या खुर्चीत पुढे सरकल्या. "काय सांगत होतीस गं फोनवर?"

"हेच. गोवर निघालाय, डॉक्टरांकडे जा, किती दिवस आहेत ते."

"तसं नाही. जसं त्यांना सांगितलंस तसं."

सिद्धीने त्यांच्याकडे पाहिलं. रत्नाबाई खुर्चीत सावरून बसल्या होत्या. केस हाताने मागे सारले होते. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले, आणि वाट पाहू लागल्या.

"काय नाव होतं त्याचं?" सिद्धीने विचारलं.

"विठोजी."

तिने पर्समधून ते पत्रक काढलं. वाक्यं तोंडपाठ झाली होती, तरी हातात कागद असावासा वाटला. घसा साफ केला. झोळीतून आर्या वर बघत होती.

"विठोजीची आई बोलताय ना?"

"हो," रत्नाबाई म्हणाल्या. "बोला."

"मी सिद्धी, संग्रहालयातून. आज इथे जी बाळं होती, त्यांतल्या एकाला गोवर निघालाय. घाबरू नका, पण आधी ऐकून घ्या." रत्नाबाईंनी मान हलवली, ऐकतेय अशी. "तुमचं बाळ त्याच्या जवळ होतं. किती महिन्यांचं आहे?"

"सहा पुरे. वर चार दिवस."

"मग लस देता येईल. तीन दिवसांच्या आत. ते नाही जमलं तर इंजेक्शन आहे, त्याला सहा दिवस आहेत. त्याला दुसऱ्या मुलांपासून वेगळं ठेवा. आणि आजच घेऊन जा डॉक्टरांकडे."

"सहा दिवस," रत्नाबाई म्हणाल्या.

"हो."

त्यांनी बोटांची पेरं मोजली. अंगठा सहाव्या पेरावर थोडा रेंगाळला.

"आहे मग वेळ," त्या म्हणाल्या, आणि खुर्चीचे हात धरून उठल्या, दाराशी जाऊन चपला शोधू लागल्या.